सावतोबांच्या मळ्यातली मिरची

सावता माळी यांचा एक अभंग मराठी माणसाला वेगळा पाठ करावा लागत नाही. तो कानावर पडत पडतच पाठ होतो. पंढरीला न जाणारा हा भक्त आपल्या मळ्यातल्या भाज्यांकडे पाहतो आणि त्याला त्यांतच विठ्ठल दिसतो. कांदा आणि मुळा यांच्याबरोबर त्या यादीत कोथिंबीर आहे, लसूण आहे आणि मिरचीही आहे. भजनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, वारीच्या वाटेवर हा शब्द आपण शेकडो वेळा ऐकलेला असतो, आणि त्याच्यापाशी कोणी अडखळत नाही.

अडखळायला मात्र हवे. सावतोबांनी सोलापूर जिल्ह्यातल्या अरण या गावी देह ठेवला तो शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो १४९२ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, आणि आल्बुकर्कने गोवा घेतले १५१० मध्ये. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती. तिने भारताचा किनारा पाहिला तो या घटनांनंतरच. मग अरणच्या मळ्यात ती दोनशे वर्षे आधी कशी उगवली?

हा प्रश्न खोड काढण्यासाठी विचारलेला नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की आपण संतसाहित्याच्या पाठचिकित्सेतून निघून घराच्या मागच्या दारी, परसात येऊन पोहोचतो. मराठी घराच्या परसाचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. राजांच्या बागा कागदावर आल्या. पेशव्यांच्या हिराबागेची, पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यातल्या सारसबागेची नावे आजही पुण्याच्या नकाशावर आहेत. परंतु न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळूची आणि कुंपणावर चढवलेल्या भोपळ्याच्या वेलाची नोंद ठेवायला कोण कारकून बसणार होता? तिथला इतिहास शोधायचा तर तो शब्दांत, व्रतांत आणि स्वयंपाकात शोधावा लागतो.

प्रथम मिरचीच्या नावाकडे पाहू. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. मराठीतली 'मिरी' तिथूनच आली, आणि 'मिरची'ही त्याच घराण्यातली. आपल्या शेजाऱ्यांनीही हेच केले. कन्नडमध्ये मिरी म्हणजे 'मेणसु' आणि मिरची म्हणजे 'मेणसिनकायि', मिरीचे फळ. तमिळमध्ये 'मिळगु'वरून 'मिळगाय'. गुजरातीत 'मरी'वरून 'मरचुं'. एकाच नवख्या फळाला इतक्या भाषांनी स्वतंत्रपणे तीच ओळख द्यावी, यावरून त्याने प्रथम कोणाची जागा घेतली ते स्पष्ट होते. मुंबईकडे एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत, अशीही नोंद आहे. ती कोणत्या बंदरातून आली हे त्या विशेषणात आहे. पुढे ती इतकी घरची झाली की विशेषण गळून पडले.

तिच्या आधी आपल्या जेवणात तिखटपणा नव्हता असे नाही. तो मिरीचा होता, पिंपळीचा होता, आल्याचा आणि मोहरीचा होता. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या ताटातल्या पदार्थांचे सविस्तर वर्णन आहे, आणि तिथे तिखटपणासाठी मिरी येते. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी'त मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापे दिली. तिथेही मिरीच आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अनेक वर्षे गोव्यात राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर एकेक संवाद लिहिला. त्यात मिरीवर संवाद आहे, मिरचीवर नाही. दुसऱ्या बाजूला, कन्नड भक्तकवी पुरंदरदास यांच्या नावावरच्या एका पदात आधी हिरव्या असलेल्या आणि पिकताना लाल होणाऱ्या मिरचीचे वर्णन येते. अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनी ते पद महत्त्वाचे मानले. पुरंदरदासांचा मृत्यू १५६४ चा. म्हणजे ओर्ताच्या ग्रंथाला ज्या वर्षी गोव्यात शाई लागली, त्याच सुमारास दक्षिणेतल्या एखाद्या परसात मिरची पिकत असणे शक्य आहे. अर्थात हे पदही मौखिक परंपरेतून आले आहे, आणि सावतोबांच्या अभंगाला लागू होणारी शंका त्यालाही लागू होते.

आता त्या अभंगाकडे परत येऊ. तीन शक्यता संभवतात. पहिली अशी, की मूळ शब्द 'मिरी' होता आणि पुढे त्याची 'मिरची' झाली. ही सोपी वाटते, पण ती जमिनीला पटत नाही. मिरीच्या वेलाला भरपूर पाऊस, सावली आणि दमट हवा लागते. तो मलबारचा, कारवारचा, फार तर तळकोकणाचा. माढ्याच्या कोरड्या हवेत तो तगणार नाही. आणि ही यादी बाजारातून आणलेल्या मसाल्याची नाही, मळ्यात उगवणाऱ्या जिनसांची आहे. त्याच अभंगात पुढे मोटेचे आणि विहिरीचे साहित्य येते. विहिरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या वाफ्यात मिरी बसत नाही. मिरची मात्र चपखल बसते.

दुसरी शक्यता, तिथे मूळचा दुसराच एखादा शब्द होता आणि पुढच्या पिढ्यांच्या तोंडी तो बदलला. सावतोबांचे अभंग काशीबा गुरव यांनी उतरवून घेतले असे परंपरा सांगते. आज सदतीसच्या आसपास अभंग त्यांच्या नावावर मिळतात. पण अभंग वहीत असतो त्यापेक्षा अधिक काळ तो गळ्यात असतो. गाणाऱ्याच्या शेतात जे नाही ते त्याच्या ओठावर फार दिवस टिकत नाही. तिसरी शक्यता, हा अभंगच सावतोबांच्या नावाने पुढे कोणी रचला. संतांच्या नावावर मागाहून रचना होणे मराठीत नवे नाही.

यांतली दुसरी शक्यता मला अधिक संभाव्य वाटते, पण ती सिद्ध करता येण्यासारखी नाही. सिद्ध होते ते एवढेच, की ज्या काळी हा शब्द अभंगात रुजला त्या काळी मिरची वारकरी शेतकऱ्याला इतकी आपली वाटत होती की तिच्या परकेपणाची त्याला आठवणही नव्हती. विठ्ठलाचे रूप ज्या भाजीत पाहायचे, ती भाजी पाहुणी असून चालत नाही. या दृष्टीने तो शब्द चूक नाही, तो पुरावा आहे. गाणाऱ्यांनी आपली मिरची सावतोबांच्या मळ्यात नेऊन लावली.

हे इतके सहज कसे झाले? एक कारण वनस्पतीच्या स्वभावात आहे. मिरचीचा जाळ सस्तन प्राण्यांच्या जिभेला कळतो, पक्ष्यांना तो जाणवत नाही. ते फळ खातात आणि बी दूर टाकतात. पेरूच्या झाडाखाली, कुंपणाच्या कडेला, कोणी न लावता लवंगी मिरचीचे रोप उगवलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. मिरीसाठी व्यापारी लागत, गलबते लागत, पैसे लागत. मिरचीसाठी एक वाळलेले फळ आणि हातभर जागा पुरते. मिरी ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या ताटात मिरचीने प्रथमच रोजचा, फुकटचा तिखटपणा आणला. भाकरीबरोबर खर्डा खाणाऱ्याला हा इतिहास कोणी शिकवला नाही, पण तो त्याच्या ताटात होता.

तिने जेवणाचा रंगही बदलला. लाल माठाचा रंग पाण्यात उतरतो, मिरचीचा तेलात. हळदीने पिवळ्या आणि भाज्यांनी हिरव्या दिसणाऱ्या जुन्या स्वयंपाकात तरंगणारी लाल तर्री असणे कठीण होते. कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट या दोन्ही गोष्टी मिरचीच्या तेलात विरघळणाऱ्या रंगामुळे शक्य झाल्या. भाषेनेही याची दखल घेतली. 'तिखट' हे चवीचे विशेषण. पण आज मराठी स्वयंपाकघरात 'तिखटाचा डबा' म्हटले की त्यात लाल मिरचीची पूडच असते. आणि दृष्ट काढताना मीठ-मोहरीबरोबर निखाऱ्यावर पडते तीही मिरचीच. घराला बाहेरच्या नजरेपासून राखण्याचे काम आपण बाहेरून आलेल्या फळाकडे सोपवले.

परसातल्या इतर पाहुण्यांची नावे लावून पाहिली तर त्यांच्या येण्याचे थर दिसू लागतात. पहिल्या थरात जुन्या नात्यातले नाव मिळालेली मंडळी आहेत. मिरीवरून मिरची. दुधी भोपळ्यावरून लाल भोपळा. रताळ्याचे नाव 'रक्तालु' या जुन्या कंदाच्या नावाशी जोडतात. सीताफळ आणि रामफळ यांना तर थेट रामायणातली नावे मिळाली. दुसऱ्या थरात पोर्तुगीज नाव घेऊनच राहिलेले पाहुणे: बटाटा, अननस, पपई, काजू, आणि पेरू, ज्याचे नाव पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपतीशी जोडले जाते. कोबी ही युरोपातली, पण तिचे नावही पोर्तुगीज 'कौव'चे. तिसरा थर इंग्रजांचा. पुण्यात १८३० मध्ये पश्चिम भारताच्या शेती-बागायतीसाठी एक मंडळी स्थापन झाली. एम्प्रेस गार्डन पुढे तिच्याच देखरेखीखाली आले. अशा संस्थांच्या काळात बी-बियाणे, रोपे आणि बागकामाची पुस्तके पसरली. टोमॅटो, फ्लॉवर, बीट, झिनिया, डेलिया ही मंडळी आपापली इंग्रजी नावे घेऊनच वाफ्यात शिरली. जितके येणे अलीकडचे, तितके नाव परके, असा हा ढोबळ नियम आहे. त्याला अपवाद आहेत. मेक्सिकोतून आलेल्या एका शुभ्र फुलाला आपण 'निशिगंध' हे अस्सल संस्कृत नाव दिले आणि लग्नाच्या हारांत गुंफले.

या साऱ्या प्रवासाविषयी एक वाद आहे, तोही सांगायला हवा. सीताफळासारखी फळे प्राचीन शिल्पांत दिसतात, होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, म्हणून ही पिके कोलंबसाच्या आधीच इथे होती, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. बहुतेकांना ते पटलेले नाही. दगडात कोरलेले फळ कोणते हे ठरवणे कठीण असते आणि कोरणाऱ्याने पाहिलेले फळ पाहणाऱ्याला ओळखू येईलच असे नाही. मिरचीच्या बाबतीत तर असा आधारही नाही. तिच्याआधीच्या साऱ्या पाककृतींत मिरीच आहे.

फुलांमध्ये मिरचीइतकाच पूर्णपणे घरचा झालेला पाहुणा म्हणजे झेंडू. हाही मेक्सिकोचा. युरोपात त्याच्या एका जातीला 'आफ्रिकन' आणि दुसरीला 'फ्रेंच' म्हणतात. दोन्ही नावे चुकीची, आपल्या 'गोवाई' मिरचीसारखी वाटेवरच्या मुक्कामाची. आपल्या जुन्या काव्यातली फुले म्हणजे कमळ, चाफा, जाई, मालती, बकुळ, केवडा. झेंडूला त्या पंगतीत पान नव्हते. सुगंध नाही, नाजूकपणा नाही, पुराणात कथा नाही. आचार्य अत्रे यांनी १९२५ मध्ये केशवकुमार या नावाने आपल्या विडंबनांचा संग्रह काढला तेव्हा त्याला 'झेंडूची फुले' हे नाव दिले. त्या नावातली गंमत वाचकांना लगेच कळली, कारण काव्याच्या बागेत झेंडू हे गावंढळ फूल, हे सर्वांना ठाऊकच होते.

तरीही दसऱ्याचे तोरण त्याच गावंढळ फुलाचे. याचे कारण पुराणात नाही, आकाशात आहे. दिवस लहान होऊ लागले की झेंडू बहरतो. आषाढ-श्रावणात लावलेली रोपे पाऊस ओसरताना कळ्या धरतात आणि नवरात्र ते दिवाळी या काळात परस केशरी होऊन जातो. मेक्सिकोतही हेच फूल नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाला, थडग्यांवर आणि घरातल्या वेदीवर पसरतात. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या आसपास आहेत. म्हणजे दोन्हीकडचा दिवस एकाच वेळी, एकाच गतीने लहान होतो. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आलेल्या या झाडाला आपले घड्याळ बदलावेच लागले नाही. तिकडे ते पितरांचे, इकडे दाराचे. ऋतू मात्र तोच. त्यात ते फूल दिवसेंदिवस टिकते, बी साठवायला वेगळे कष्ट नाहीत, आणि त्याची मुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा घालतात, म्हणून वांगी-टोमॅटोच्या कडेला त्याची एक ओळ लावणारे शेतकरी आजही आहेत.

पण परस म्हणजे केवळ रंग आणि सुगी नव्हे. मराठीत 'परसाकडे जाणे' याचा एक अर्थ शौचाला जाणे असाही होतो. घराचे सांडपाणी, राख, उष्टे-खरकटे जिथे पडे ती ही जागा. मैला वाहणारी माणसे याच दाराने येत, कारण पुढचे दार त्यांच्यासाठी नव्हते. बाजूला बसलेल्या बाईचे चार दिवस अनेक घरांत इथल्याच कोपऱ्यात जात, आणि तिने वेलाला हात लावला तर वेल सुकतो, असा समज होता. ज्यांनी परस राखले त्यांतल्या पुष्कळांना परसातच ठेवले गेले होते.

माझ्या मते नव्या पाहुण्यांना आसरा मिळाला तोही याच कारणाने. देवघराला शास्त्र होते, स्वयंपाकघराला सोवळे होते, परसाला यांतले काहीच लागू नव्हते. जुन्या भाज्यांना निषेधांची ओझी होती. कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य. वांग्याला चंपाषष्ठीपर्यंत थांबावे लागते. बटाट्याविषयी किंवा मिरचीविषयी स्मृतिकार काही बोलले नाहीत, कारण त्यांना ती माहीतच नव्हती. त्यांची पारख बायकांनी केली: लावून, शिजवून, चाखून. त्यांनी बटाटा आणि रताळे उपवासाला चालवून घेतले आणि हजारो वर्षांचा गहू उपवासातून बाहेर ठेवला.

या पारखीचा सर्वांत सुंदर दाखला भाद्रपदात मिळतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम. नांगराखालच्या शेतातले धान्य नको; माणसाच्या हाताने परसात उगवलेले तेवढे हवे. म्हणून त्या दिवशीची ऋषीची भाजी म्हणजे परसाची हजेरीच: अळू, माठ, पडवळ, शिराळे, भेंडी, सुरण. आणि त्याच पातेल्यात लाल भोपळा, मक्याचे कणीस आणि रताळे. शेवटची तिन्ही अमेरिकेची. सप्तर्षींच्या नावाने शिजवलेल्या भाजीत कोलंबसानंतर आलेली पिके आहेत आणि त्यांनी व्रत मोडत नाही, कारण कसोटी मूळ गावाची नव्हतीच, कष्टाची होती. या व्रताची कहाणी विटाळाच्या दोषाभोवती फिरते, हे विसरून चालणार नाही. तो अन्यायाचा भाग त्यात आहेच. पण ज्या बायकांवर तो दोष लादला, त्यांनीच त्याच व्रतात बैलाचे श्रम ओळखले आणि परक्या पिकांना पंगतीत बसवले.

कष्टाची ही कसोटी माळ्याला अनोळखी नव्हती. आपल्याकडे माळी समाजाच्या पोटजातींची नावेच पिकांवरून पडली: फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून ते 'फुले' झाले. ज्या जोतीरावांनी पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांच्या आडनावातच कोणाच्या तरी तोरणासाठी पहाटे फुले खुडणारे हात आहेत.

म्हणून सावतोबांच्या अभंगातला 'मिरची' हा शब्द कोणी शुद्धीकरणाच्या नावाने काढू लागला, तर मी त्याला विरोध करीन. संपादकाने तळटीप द्यावी, वर्षे सांगावीत, शंका नोंदवावी. ते त्याचे कामच आहे. शब्द मात्र राहू द्यावा. तो काढला तर सावतोबा जुने होतील, पण ज्यांनी तो शब्द तिथे लावला त्या अनामिक मळेकऱ्यांची एकमेव सही पुसली जाईल.

आषाढीनंतर पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात. इथे देव निघतो. माळ्याने मळा सोडला नाही, म्हणून. दरम्यान त्या मळ्यात काय काय नवे उगवले याची देवाने कधी चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. यंदाच्या दसऱ्याचे तोरण अजून दारावर असेल तर ते वाळले की कचऱ्यात टाकू नका. त्यातले एक फूल चुरगाळून कुंडीत टाका, वर मूठभर माती टाका, आणि पुढच्या पावसाळ्यात काय उगवते ते पाहा.